स्वतःचे चलन आणि सामाईक चलन

राष्ट्राचे चलन स्वतःचे असावे, की शेजाऱ्यांशी सामाईक असावे? या बाबतीत युरोपातील दोन लहान देशांचा अनुभव बोधप्रद आहे.

ग्रीसने २००१ साली आपला ड्राक्मा सोडून युरो स्वीकारला. युरोची पत मोठी. त्यामुळे ग्रीसला अल्प व्याजाने कर्ज मिळू लागले आणि ऋणाचा डोंगर वाढत गेला. आइसलंडने मात्र आपला क्रोना जपला.

२००८ साली आइसलंडच्या तीन मोठ्या बँका कोसळल्या आणि क्रोनाचे मोल जवळजवळ निम्म्यावर आले. परदेशी वस्तू महागल्या, लोक पोळले. परंतु तेथील मासळी परदेशी ग्राहकांस स्वस्त पडू लागली, प्रवाशांची रीघ लागली आणि देश हळूहळू सावरला.

२०१० साली ग्रीसवर संकट आले. तेथे युरो टिकला; पण त्याचे अवमूल्यन करणे ग्रीसच्या हाती नव्हते. अखेर वेतने व निवृत्तिवेतने कापावी लागली. असंख्य तरुण बेकार झाले.

स्वतःचे चलन वादळात वाकते. सामाईक चलन ताठ उभे राहते, तेव्हा माणसांना वाकावे लागते. म्हणून सामाईक चलन स्वीकारणाऱ्या राष्ट्राने आपला खर्च अधिकच जपून करावा, हे इष्ट.