शाळेचा लॅपटॉप : विजेचा संचय व प्रवासातील निगा

ग्रामीण भागातील पुष्कळ प्राथमिक शाळांत आता एखादा तरी लॅपटॉप असतो. कोठे तो शासकीय योजनेतून आलेला असतो, तर कोठे ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढून घेऊन दिलेला असतो. वर्गणीचा लॅपटॉप बंद पडला म्हणजे हानी एका वस्तूपुरती राहत नाही. पुढील वेळी कोणत्या तोंडाने गावापुढे जावे, हा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो. शाळांच्या कपाटांतून निकामी होऊन पडलेली ही यंत्रे पाहिली, तर त्यांतील पुष्कळशी वापराने झिजलेली दिसत नाहीत. ती ज्या रीतीने मिटली, नेली व ठेवली गेली, त्या रीतीनेच त्यांचा घात केलेला असतो.

डोंगरी भागातील एका द्विशिक्षकी शाळेचे उदाहरण कल्पावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चौथीच्या परिसर अभ्यासाचा एक पाठ चित्रांसह दाखविण्याचे काम तेथील गुरुजींकडे आले आहे. आदल्या रात्री आठ वाजेपर्यंत बसून ते चित्रे जुळवितात आणि झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत ठेवतात. त्या वेळी बॅटरीचा आकडा ६० टक्के असतो. सकाळी दीड तास एस.टी.चा प्रवास करून ते केंद्रशाळेत पोहोचतात. दहा वाजता झाकण उघडतात, तो पडदा काळा! चार्जर घरी राहिलेला. शेजारच्या शाळेच्या चार्जरची पिन बसत नाही. समोर चाळीस सहकारी बसलेले. "राहू द्या गुरुजी, तोंडीच सांगा," असे म्हणून केंद्रप्रमुख वेळ सावरून नेतात. गुरुजी पाठ तोंडी देतात, चांगला देतात. पण परत आल्यावर लॅपटॉप कपाटात जातो आणि कपाटाला कुलूप लागते. वर्गातील मुलांच्या दृष्टीस तो पुढे कित्येक महिने पडत नाही.

यंत्राचा येथे काहीही दोष नव्हता. झाकण मिटले म्हणजे यंत्र बंद झाले, हा समज तेवढा चुकीचा होता.

मिटलेल्या यंत्राच्या तीन अवस्था

लॅपटॉप 'निजविण्याचे' तीन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद शिक्षकांस स्पष्ट ठाऊक असणे अगत्याचे आहे. पहिला प्रकार 'स्लीप'. ह्या अवस्थेत पडदा मालवतो, पण चालू असलेले सर्व काम रॅम ह्या तात्पुरत्या स्मृतीत तसेच राहते. ती स्मृती जिवंत ठेवण्यास वीज सतत लागते. मधल्या सुट्टीत मुले बाहेर गेली, पण पाट्या-पुस्तके उघडीच राहिली आणि वर्गावर कोणी पहाऱ्यास बसला, तसा हा प्रकार होय. मुले परत आली की काम तत्काळ सुरू होते. मात्र पहारेकऱ्याची मजुरी चालू राहते. दुसरा प्रकार 'हायबरनेट'. ह्यात स्मृतीतील सारे काम कायमच्या साठवणीत, म्हणजे डिस्कवर, उतरवून घेतले जाते आणि मग वीज तोडली जाते. फळ्यावरील मजकूर वहीत उतरवून घेऊन वर्गाला कुलूप लावावे, तसे हे आहे. पुन्हा सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, परंतु बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही आणि काम जेथे थांबले तेथूनच पुढे चालते. तिसरा प्रकार 'शट डाउन'. ह्यात उघडे काम बंद करून यंत्र थांबविले जाते. न जतन केलेले काम मिळत नाही.

आता वरील गुरुजींचा हिशेब मांडून पाहावा. बॅटरीवर किंवा लॅपटॉपच्या तळाशी 'डब्ल्यूएच' ह्या अक्षरांसह एक आकडा छापलेला असतो. तो वॅट-तास दर्शवितो. एक वॅटचे काम एक तास चालेल इतकी वीज म्हणजे एक वॅट-तास. समजा, बॅटरी नवी असताना तिच्यात ४० वॅट-तास वीज मावत होती, आणि काही वर्षांच्या वापरानंतर आता २० च मावते. पडद्यावरील ६० टक्के हा आकडा ह्या २० चा आहे, मूळच्या ४० चा नव्हे; म्हणजे शिल्लक १२ वॅट-तास. स्लीपमध्ये यंत्रास तासाला एक वॅट-तास लागत असेल, तर रात्री आठ ते सकाळी दहा ह्या चौदा तासांत १४ वॅट-तास हवेत. बारातून चौदा जात नाहीत, हे दुसरीतील मूलही सांगेल.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अलीकडील पुष्कळ लॅपटॉपांतील स्लीप ही मोबाइलच्या निद्रेसारखी फार हलकी असते. झाकण मिटलेले असतानाही यंत्र अधूनमधून जागे होऊन आपली कामे करू लागते. टेबलावर असताना ह्याने बिघडत नाही. बंद पिशवीत मात्र वारा नसल्यामुळे यंत्र तापते आणि बॅटरीही संपते. पिशवीत हात घालावा तो लॅपटॉप कढत लागावा, असा अनुभव येतो तो ह्यामुळेच. म्हणून प्रवासास निघताना यंत्र स्लीपमध्ये ठेवू नये, हा नियमच करून घ्यावा.

विंडोज प्रणालीत ही सोय एकदाच करून ठेवता येते. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडावे. डाव्या बाजूस 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' अशी ओळ दिसते. तीत झाकण मिटल्यावर काय व्हावे हे ठरविण्यासाठी दोन रकाने असतात : एक 'ऑन बॅटरी' आणि दुसरा 'प्लग्ड इन'. पहिल्या रकान्यात 'हायबरनेट' निवडावे. दुसऱ्यात 'स्लीप' राहिल्यास हरकत नाही. मात्र वीज जोडलेली असताना झाकण मिटून, मग चार्जर काढून यंत्र पिशवीत घातले, तर ते स्लीपमध्येच राहू शकते, हे विसरू नये. हायबरनेट हा पर्याय बंद करावयाच्या यादीत पुष्कळदा दिसत नाही. त्याच पानावरील 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ह्या ओळीवर टिचकी दिली म्हणजे खाली त्याची चौकट मिळते, तीत खूण करावी. काही यंत्रांत हा पर्याय मुळीच नसतो. तेथे काम जतन करून शट डाउन करणे हाच सरळ मार्ग होय.

बॅटरी किती क्षीण झाली आहे, हे अंदाजाने ठरवीत बसण्याचे कारण नाही. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही अक्षरे सलग लिहावीत, एक जागा सोडावी, उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ द्यावी आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहावा. एन्टर दाबताच यंत्र एक अहवाल तयार करते व तो कोठे ठेवला तेही सांगते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' व 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शेजारी शेजारी मिळतात. त्यांची तुलना केली की बॅटरीचे वय कळते.

चालू असताना

पडद्याचा उजेड हा विजेचा मोठा धनी आहे. वर्गात उजेड निम्मा केला तरी एका लॅपटॉपभोवती बसलेल्या दहा-बारा मुलांना दिसण्यास अडचण येत नाही. मात्र खिडकीकडे पडद्याची पाठ असू नये, अन्यथा मुलांच्या डोळ्यांवर ऊन येते आणि शिक्षक उजेड वाढवीत राहतात. इंटरनेट लागत नसेल तेव्हा वाय-फाय बंद ठेवावे. 'बॅटरी सेव्हर' ही सोय संचय ठराविक टक्क्यांच्या खाली गेला की आपोआप सुरू होते. वीज जाण्याचा संभव असेल त्या दिवशी ती आरंभीच हाताने सुरू करावी.

ह्याच हिशेबातून वर्गाला एक सुरेख उदाहरण मिळते. बॅटरीत ४८ वॅट-तास वीज आहे आणि यंत्रास १६ वॅट लागतात. तर ते किती वेळ चालेल? पडद्याचा उजेड कमी केल्याने १२ वॅटच लागू लागले, तर वेळ किती वाढेल? पहिल्याचे उत्तर तीन तास, दुसऱ्याचे एक तास. आकडे शाळेच्याच यंत्राचे घेतल्यास भागाकाराचे हे उदाहरण मुले आवडीने सोडवितात.

एक जुना समज

बॅटरी पूर्णपणे उतरू द्यावी व मगच भरावी, असे अनेक ठिकाणी अजून सांगितले जाते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात ह्या सल्ल्यात तथ्य होते. आजच्या लॅपटॉपात लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ मध्ये जपानमधील सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या बॅटरीस वरचेवर शून्यावर नेणे अपायकारक ठरते. तसेच दिवसचे दिवस शंभर टक्क्यांवर तापत ठेवणेही तिला मानवत नाही. रोजच्या वापरात सुमारे २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ती राहावी, हे उत्तम. काही उत्पादकांनी ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय यंत्रातच दिली आहे. लॅपटॉप बहुतेक वेळ विजेस जोडलेला राहतो त्या शाळांनी ती चालू करावी. प्रवासाच्या आदल्या रात्री मात्र शंभर टक्के भरून घेण्यास काही प्रत्यवाय नाही.

वाटेवर

चार्जर ही लॅपटॉपची शिदोरी आहे. ती पिशवीतच राहावी, काढली की परत तेथेच जावी. एस.टी.त लॅपटॉप वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्यावा. दुचाकीवर जाताना तो पाठीवरच्या सॅकमध्ये पाठीकडील कप्प्यात असावा. डिकीत ठेवल्यास खड्ड्यांचे हादरे सरळ यंत्रास बसतात. जुन्या लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ती फिरत असताना बसलेला धक्का सर्वांत घातक, म्हणून अशी यंत्रे चालू ठेवून हलवू नयेत. पावसाळ्यात सॅकवरील आवरणावर विसंबू नये. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असावी. यंत्र भिजलेच, तर चालू होते की नाही हे पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ते बंद करून, चार्जर काढून जाणकाराकडे न्यावे.

मोबाइलची साधी पॉवर बँक बहुतेक लॅपटॉपांना पुरी पडत नाही. ज्यांना टाइप-सी तोंडातून वीज घेता येते, त्यांनाच तितक्या क्षमतेची पॉवर बँक उपयोगी पडते. अभ्यासदौऱ्यानिमित्त विमानाने जाण्याचा योग आल्यास पॉवर बँक व सुटी बॅटरी मोठ्या सामानात न देता जवळच्या पिशवीतच ठेवावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतच्या लॅपटॉप बॅटरीस सामान्यतः विशेष परवानगी लागत नाही.

फुगलेल्या बॅटरीविषयी मात्र कोणतीही सवलत नाही. झाकण नीट मिटेनासे झाले, कळफलक मध्येच उचललेला दिसला किंवा यंत्र टेबलावर डुलू लागले, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. असे यंत्र त्याच क्षणी बंद करून विजेपासून दूर करावे व मुलांच्या हाती देऊ नये. बॅटरी दाबू नये, टोचू नये, शाळेच्या कचऱ्यात जाळू नये. तिला आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी बॅटरी घरगुती कचऱ्यात न टाकता वेगळी द्यावयाची असते. सेवाकेंद्रात तिची सोय होते.

उन्हाळी सुट्टी

सर्वाधिक बॅटऱ्या सुट्टीतच मरतात, असे म्हटले तरी चालेल. एप्रिलअखेर निकालाच्या धांदलीत लॅपटॉप रिकाम्या बॅटरीनिशी लोखंडी कपाटात जातो. वर पत्र्याचे छप्पर, बाहेर मे महिना. नागपूर-चंद्रपूरकडे तर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद खोलीतील कपाट भट्टीसारखे तापते. अगोदरच रिकामी असलेली बॅटरी आपोआप आणखी उतरत जाते, आणि एका मर्यादेखाली गेली की चार्जर जोडूनही ती भरून घेत नाही. जूनमध्ये कपाट उघडणारे शिक्षक म्हणतात, ठेवला तेव्हा तर चांगला होता!

म्हणून सुट्टी लागण्यापूर्वी बॅटरी अर्ध्यावर आणावी आणि लॅपटॉप पूर्ण शट डाउन करून कोरड्या, त्यातल्या त्यात थंड जागी ठेवावा. मुख्याध्यापकांनी तो आपल्या जबाबदारीवर घरी नेण्याचे ठरविल्यास शाळा व्यवस्थापन समितीस कळवावे व डेडस्टॉक रजिस्टरजवळ तशी नोंद ठेवावी. सुट्टीच्या मध्यास एकदा यंत्र चालू करून आकडा पाहावा, तो बराच उतरला असल्यास पुन्हा अर्ध्यापर्यंत भरावा. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी चार्जर जोडून पडद्यावरील तारीख व वेळ तपासावी. ती चुकली असल्यास प्रथम दुरुस्त करावी. अन्यथा माहिती भरण्याची संकेतस्थळे उघडताना अडथळा येतो आणि दोष इंटरनेटला दिला जातो.