तिघांचे उत्तर जुळले, म्हणजे बरोबर आले का?



जीवशास्त्राच्या पेपरची शेवटची घंटा होते. तुम्ही वर्गाबाहेर पडता आणि जिन्यावरच पहिला प्रश्न कानी येतो, "सतराव्याचं काय लिहिलंस?" प्रश्न असा होता : हिरव्या वनस्पती श्वसन केव्हा करतात? (अ) फक्त दिवसा (ब) फक्त रात्री (क) दिवसा व रात्री, सतत (ड) फक्त पानगळीच्या काळात. तुम्ही 'क' लिहिलेले असते. तिघे मित्र एका सुरात म्हणतात, "आमचं 'ब' आलं." तुमचा चेहरा उतरतो. घरी पोहोचेपर्यंत तुम्ही तो गुण वजाही करून टाकता आणि उद्याच्या पेपरचे पुस्तक उघडावेसे वाटत नाही.

पण तिघांचे उत्तर एक आले, एवढ्यावरून तुमचे चुकले असे ठरते काय? थोडे गणित करून पाहू या.

जुळण्याला किंमत केव्हा असते?

समजा, एका साध्या प्रश्नाचे उत्तर १०० पैकी ६० विद्यार्थ्यांना बरोबर येते. उरलेले ४० जण तीन चुकीच्या पर्यायांत सारखे विभागले जातात. आता कोणतेही दोन विद्यार्थी घ्या. दोघांचेही उत्तर बरोबर असण्याची संभाव्यता ०.६ × ०.६, म्हणजे ०.३६. दोघेही चुकून नेमका एकच पर्याय निवडण्याची संभाव्यता ०.४ × ०.१३, म्हणजे सुमारे ०.०५. तेव्हा ज्यांची उत्तरे जुळतात अशा १०० जोड्यांपैकी सुमारे ८७ जोड्या बरोबर निघतील. एकट्याच्या उत्तराचा भरवसा ६० टक्के होता, तो जुळल्यावर ८७ टक्के झाला. याचे कारण सोपे आहे. बरोबर उत्तर एकच असते. चुका मात्र चहूकडे पांगतात.

मात्र या हिशेबात दोन गोष्टी आपण गृहीत धरल्या. पहिली, दोघांनी उत्तर स्वतंत्रपणे काढले. दुसरी, चुकणारे सगळे एकाच बाजूला ओढले गेले नाहीत. यातली एक जरी सुटली, तरी हिशेब कोसळतो.

पहिली गोष्ट प्रयोगशाळेत पाहा. एकाच व्हर्निअर कॅलिपरने चार विद्यार्थी एका गोळीचा व्यास मोजतात. चौघांचे वाचन तंतोतंत जुळते. पण कॅलिपरलाच शून्य त्रुटी असेल आणि ती कोणीच वजा केली नसेल, तर चौघेही सारखेच चुकले! येथे चार मोजमापे झालेली दिसतात, पण त्रुटीच्या दृष्टीने ते एकच मोजमाप चारदा केलेले असते. दोघा मित्रांनी एकाच गाईडमधले उत्तर पाठ केले असेल, तर त्यांचे मतही असेच एकच धरावे लागते.

आता दुसरी गोष्ट. आपला सतरावा प्रश्न फसवा आहे. 'झाडे दिवसा प्राणवायू देतात, रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. समजा, त्यामुळे १०० पैकी ५० जण 'ब' कडे ओढले गेले, ३० जणांनी 'क' लिहिले आणि बाकीचे २० इतर दोन पर्यायांत सारखे वाटले गेले. पुन्हा जोड्यांचा हिशेब करा. 'ब' वर जुळण्याची संभाव्यता ०.२५, 'क' वर ०.०९, इतर दोन्हींवर मिळून ०.०२. एकूण ०.३६. म्हणजे जुळलेल्या १०० जोड्यांपैकी फक्त २५ बरोबर! तिघांचे जुळले तर हे प्रमाण आणखी घसरून १८ च्याही खाली जाते. प्रश्न फसवा असला, की जितके अधिक मित्र जुळतात तितका चुकीचा भरवसा वाढतो.

बरोबर उत्तर 'क' आहे. प्रत्येक जिवंत पेशीला अहोरात्र ऊर्जा लागते, म्हणून श्वसन कधीच थांबत नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून अधिक असतो. श्वसनात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पानातच वापरला जातो आणि बाहेरून तो दिसत नाही, इतकेच.

शास्त्रज्ञांचा सतरावा प्रश्न

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती? तुम्ही झटकन ४६ म्हणाल. पण अमेरिकेतील थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये हा आकडा ४८ दिला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत तोच छापला गेला. त्या काळच्या पद्धतीत गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली दिसत, मोजणे अवघड होते. स्वीडनमधील लुंड येथे काही संशोधकांनी यकृताच्या पेशी तपासल्या. ४८ काही भरेनात, ४६ च दिसत. म्हणून त्यांनी ते काम बाजूला ठेवले! त्यांचाही चेहरा तुमच्यासारखाच उतरला असेल.

डिसेंबर १९५५ मध्ये त्याच लुंडमध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी सुधारलेल्या पद्धतीने पेशी फुगवून गुणसूत्रे मोकळी पसरवली. मोजणी ४६ आली. १९५६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फोर्ड व हॅमर्टन यांनी निराळ्या ऊतीतील पेशी मोजल्या, तेव्हाही तोच आकडा मिळाला. हे जुळणे खरे मोलाचे, कारण माणसे निराळी होती आणि पेशीही निराळ्या होत्या.

एका उत्तराची किंमत

पुढे तुमच्यापैकी काही जण नीट परीक्षेला बसतील. २०२५ च्या नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळत, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होई. म्हणजे एका उत्तराने ५ गुणांचा फरक पडतो. २०२४ मध्ये अणूंविषयीच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली होती, कारण क्रमिक पुस्तकाच्या जुन्या व नव्या आवृत्तीत फरक होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी तो प्रश्न तपासला. 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' हे विधान त्यांनी चूक ठरवले. युरेनियम, रेडियम यांचे अणू किरणोत्सर्गी असतात हे तुम्हाला माहीत आहेच. जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर लिहिणारे विद्यार्थी चार लाखांहून अधिक होते. पण निर्णय संख्येवर झाला नाही, विधानाच्या खरेपणावर झाला.

तेव्हा पेपरनंतर उत्तरे जरूर जुळवा, पण "तुझं काय आलं?" एवढ्यावर थांबू नका. पुढे विचारा, "का आलं?" कारण सांगता येत नसेल, तर ते मत हिशेबात धरू नका. कारणे जुळली नाहीत, तर पुस्तक उघडा. आणि दुसऱ्या दिवशी पेपर असेल, तर ही सारी चर्चा शेवटच्या पेपरनंतर करा. लिहून दिलेले उत्तर चर्चेने बदलत नाही.

करून पाहा

वर्गातील प्रत्येकाला सतराव्या प्रश्नाचे उत्तर आणि एका ओळीत त्याचे कारण, न बोलता, चिठ्ठीवर लिहायला सांगा. आधी उत्तरे मोजा. मग कारणे वाचून दाखवा आणि पुन्हा चिठ्ठ्या घ्या. दोन्ही मोजण्यांचे स्तंभालेख शेजारी शेजारी काढा. चिठ्ठ्यांऐवजी हात वर करायला सांगितले असते, तर पहिला आलेख कसा दिसला असता, याचाही विचार करा.