फळाच्या पोटातला चोर

आंबा बाहेरून पिवळाधमक दिसतो. कापला, तर आत अळ्या वळवळतात! साल धड, मग अळी आत शिरली कशी?

हे काम फळमाशीचे. मादीच्या शेपटीला सुईसारखे टोक असते. त्याने ती सालीला बारीक भोक पाडते व आत अंडी घालते. अंड्यांतून अळ्या निघतात, गर खातात. मग त्या मातीत उतरून कोष करतात. कोषातून नव्या माश्या उडतात.

असे फळ परदेशी गेले, तर अळीही फुकट प्रवास करते. नव्या मुलखात बहुधा तिला खाणारे शत्रू नसतात. मग ती माजते.

आपल्याकडे असेच घडले. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. २००८ साली तो कोइमतूरला दिसला. पुढे महाराष्ट्रातही आला. पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. औषधे मारून भागेना. शेवटी २०१० साली प्वेर्तो रिको बेटावरून त्याचे शत्रू, म्हणजे अगदी बारीक परोपजीवी माश्या, आणून सोडल्या. तेव्हा कीड आटोक्यात आली.

म्हणून बंदरावर व विमानतळावर तपासणी असते. आपल्या देशात किडींचा कायदा १९१४ सालचा आहे. बाहेरून फळ, बी, रोप आणायचे, तर तिथल्या सरकारचा दाखला लागतो. कीड सापडली, तर मालाला धुरी देतात, तो परत पाठवतात किंवा नष्ट करतात.

दुसरे देशही आपल्याला हाच नियम लावतात. २०१३ साली आपल्या फळ-भाजीच्या २०७ खेपांत युरोपात कीड सापडली. मग १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू घेणे थांबवले. ऐन हंगामात हापूसवाल्यांना फटका बसला. ज्याची बाग स्वच्छ, त्यालाही झळ लागली. राग येणारच. पण पपईची गोष्ट आठवली, की त्यांची भीतीही कळते. तपासणी कडक केली, तेव्हा २०१५ साली आंब्यावरची बंदी उठली.

मग आपण काय करावे? गळकी, किडकी फळे बागेत पडू देऊ नयेत. ती खोल पुरावीत. परदेशाहून येणाऱ्या पाहुण्याला सांगावे, "खाऊ आणा, पण फळ, बी, रोप लपवून आणू नका."

सांगा पाहू :
१. फळमाशी अंडी कोठे घालते?
२. परदेशाहून रोप आणायला कोणता दाखला लागतो?
३. किडकी फळे पुरावीत, ती का?