थोरल्या मंडळीकडे जाताना

मंचर

चि. भाचीस,


तुमच्या तरुण संघाची दहा-बारा दिवसांची आर्मेनियाची सेवाफेरी ठरते आहे आणि तुझं जायचं पक्कं होत आलं आहे, असं तुझ्या आईने कळवलं. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. परमुलखातल्या विश्वासी लोकांना भेटण्याची ओढ चांगलीच आहे. पण जाशील ती तिथल्या मंडळीच्या हाताखाली जा. काय करायचं ते त्यांनी ठरवावं आणि सांगितलेलं तुम्ही करावं. थोड्या दिवसांसाठी गेलेला माणूस एवढ्या एकाच वाटेने उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे, आणि ते का झालं ते जरा विस्ताराने लिहितो.

आधी कोणाकडे चालली आहेस ते बघ. परंपरेप्रमाणे आर्मेनियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इ. स. 301 मध्ये. डायोक्लेशनने रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ मांडला तो त्यानंतर. मेस्रोप माश्टोट्स यांनी 405 च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली आणि लगोलग त्या लिपीत पवित्र शास्त्राचं भाषांतर सुरू झालं. आपल्या जुन्नरला चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं झालं ते 1846 साली. म्हणजे आपली मंडळी पावणेदोनशे वर्षांची, त्यांची सतराशे. मधल्या काळात त्यांनी 1915 चा नरसंहार सोसला, सोव्हिएत राजवटीत देवळांना लागलेली कुलुपं सोसली, आणि तरी उपासना टिकवली. अशा घरी आपण धाकट्या नात्याने जातो. तुमच्या कार्यक्रमात ‘आर्मेनियन लोकांना सुवार्ता सांगणे’ असं पहिलं कलम असेल, तर ते आधी खोडा.

तू म्हणशील, वय म्हणजे विश्वास नव्हे. तिथेही नावापुरते ख्रिस्ती असतीलच, त्यांना जागं करायला नको का? हा आक्षेप जुना आहे आणि त्याचा इतिहास आपल्या घराशी जोडलेला आहे. ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने 1831 साली नगरला मिशन सुरू केलं, त्याच बोर्डाचे विल्यम गुडेल त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आर्मेनियन लोकांत काम करायला पोचले. वेगळी मंडळी काढायची नाही, जुन्या मंडळीतच जागृती आणायची, असा त्यांचा मूळ विचार होता. पण शाळा, पुस्तकं आणि शास्त्राभ्यास यांतून जो गट तयार झाला त्याच्याशी धर्माधिकाऱ्यांचं बिनसलं. 1846 च्या आरंभी आर्मेनियन धर्मप्रमुखांनी त्या गटाला बहिष्कृत केलं. माणसांचे धंद्याचे परवाने गेले, राहती घरं सुटली. जुलैत त्यांची स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. त्या मंडळीने पुढे पुष्कळ चांगलं काम केलं, ते मी नाकारत नाही. त्या मिशनऱ्यांनी तिथे आयुष्यं घालवली होती, भाषा शिकली होती, आणि 1915 साली जे घडलं त्याची साक्ष जगाला देणाऱ्यांत त्यांच्याच परंपरेतली माणसं होती. इतक्या मुरलेल्या माणसांच्या हातूनसुद्धा, मनात नसताना, एका समाजात कायमची फूट पडली. मग भाषा न येणाऱ्या पाहुण्यांनी दहा दिवसांत कोण जागं आणि कोण झोपलेलं हे कशावरून ठरवायचं? आपल्या आजा-पणज्यांना ‘पोटासाठी बाटले’ म्हणणाऱ्यांनीही त्यांचा विश्वास कधी जवळून पाहिला नव्हता. तो शब्द आपल्या लोकांना किती पिढ्या लागला हे तुला ठाऊक आहे. तसला निवाडा आपण दुसऱ्यांवर करायचा नाही.

छोट्या भेटीतून काहीच होत नाही, असंही मी मानत नाही. उलट फार होतं, आणि धोका तिथेच आहे. 1854-55 मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आणि सिलोनमध्ये आले. आले, पाहिलं, परत गेले. त्या भेटीच्या सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मंडळी मराठी माणसांच्या हाती यायला हवी, हा अँडरसन यांचा आग्रह होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. पण त्याच दौऱ्यातून इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. सिलोनमधल्या जाफन्याजवळचं बट्टिकोटा इथलं नावाजलेलं विद्यालय 1855 साली बंद झालं. लोकांना ते हवं होतं. इतकं, की पुढे त्यांनीच पुढाकार घेतला आणि 1872 साली जाफना कॉलेज उभं राहिलं. माणूस एक, दौरा एक, हेतूही चांगलाच. जिथे त्याने स्थानिकांच्या हाती अधिकार दिला तिथे काम फळलं. जिथे त्यांच्या वतीने स्वतःच ठरवलं तिथे लोकांना ते सतरा वर्षांनी दुरुस्त करावं लागलं. तुम्ही काही अँडरसन नाही, पण पैसा, कॅमेरा आणि परदेशी पाहुण्याचा मान एवढी सत्ता तुमच्याही हाती असेल.

आणखी एक प्रश्न तुला कोणीतरी विचारेलच: विमानाच्या तिकिटांचे पैसे सरळ तिकडे पाठवले तर जास्त उपयोग नाही का? हिशेबाने पाहिलं तर हो. आपल्या तालुक्यातलंच उदाहरण घे. 30 जुलै 2014 ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं दगावली. नवं गाव उभं राहायला 2017 उजाडलं. पहिल्या आठवड्यातली धावपळ लागतेच, पण गाव उभं राहतं ते पुढच्या तीन वर्षांत, आणि तेव्हा वर्तमानपत्रात बातमी नसते. 2023 च्या सप्टेंबरात नागोर्नो-काराबाखमधून लाखावर आर्मेनियन लोक घरदार सोडून आर्मेनियात आले. देशाची सगळी वस्ती तीस लाखांच्या आसपास. त्या आलेल्या लोकांचा संसार दहा दिवसांत लागणार नाही. म्हणून माझं सांगणं: जाण्याचा खर्च करायचाच असेल तर तेवढीच रक्कम पुढची तीन वर्षं तिथल्या मंडळीने चालवलेल्या एखाद्या कामाला द्यायची, असा ठराव संघाने आधी करावा. तेवढं झेपत नसेल तर माणसं कमी न्या. मात्र नुसता पैसा पाठवला की ओळख होत नाही, आणि ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करणं अवघड जातं. तुझ्या जाण्याला मी हरकत घेत नाही, ती एवढ्यासाठीच.

तिथे तुम्हालाच करता येईल असं एक काम मला दिसतं. येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली भारतीय मुलंमुली पुष्कळ आहेत, अलीकडे मजुरीसाठी गेलेलेही आहेत. थंडी, परकी भाषा, घरच्या कर्जाची काळजी. त्यांच्याशी हिंदीत, क्वचित मराठीतही, बोलत बसणं तिथल्या पाळकांना जमणार नाही, तुम्हाला जमेल. धर्म विचारू नका, जेवलात का विचारा. आर्मेनियन लोकही एके काळी असेच आपल्याकडे आले होते: कोलकात्यात त्यांचं चर्च 1724 चं, मुंबईच्या कोटातलं 1796 चं, आणि आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक निघालं ते 1794 साली मद्रासेत. हे वाचून जा. आपल्या देशाने त्यांना कधीकाळी आसरा दिला, हे तुम्हाला माहीत आहे, एवढ्यानेही बोलणं सुरू होईल.

उपासनेला गेलात तर डोक्यावर ओढणी घे. उपासना लांब चालते आणि बराच वेळ उभं राहावं लागतं. मध्येच उठून फोटो काढू नका. प्रभुभोजनाला बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यांचा ख्रिस्तजन्माचा सण 6 जानेवारीला असतो, त्यावरून वाद घालू नका. मुलांचे फोटो तर आईबापांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत. आपल्या वस्त्यांतली मुलं किती परक्या पत्रकांवर छापून गेली आहेत, ते आठव.

तिकिटं काढण्याआधी तिथल्या पाळकांना पत्र लिहा. आम्ही अमुक करू असं त्यात लिहू नका. आमचं येणं तुम्हाला सोयीचं आहे का, असलं तर कोणत्या महिन्यात, आणि कोणतं काम अडलं आहे, एवढंच विचारा. ‘यंदा नको’ असं उत्तर आलं तर ते मनापासून माना आणि पैसे पाठवून द्या. पत्राचा मसुदा झाला की मला दाखव, आणि उत्तर काय येतं तेही कळव.

तुझा,
मामा