घटक ६ : वैयक्तिक संकेतस्थळासाठी विश्वासार्ह होस्टिंगची निवड

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• डोमेन नाव आणि होस्टिंग यांतील फरक सांगता येईल.
• होस्टिंग सेवेची विश्वासार्हता तपासण्याचे निकष मांडता येतील.
• देवनागरी मजकुराच्या जतनासाठी घ्यावयाची विशेष काळजी स्पष्ट करता येईल.
• आपल्या संग्रहाच्या प्रतींचे नियोजन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोलीचा अभ्यास करताना शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्या कशा टिपाव्यात, हे आपण मागील घटकात पाहिले. असा संग्रह इतरांपर्यंत पोहोचवण्यासाठी अनेक विद्यार्थी आता स्वतःचे संकेतस्थळ काढतात. ते कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो ग्रंथ टिकवण्याचा जुनाच प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली. मधल्या काळात प्रतींत अपपाठ शिरले होते. पण प्रती अनेक होत्या, म्हणूनच त्या ताडून पाहता आल्या. याउलट ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि ग्रंथ अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ टिकतो तो एखाद्या भक्कम जागेमुळे नव्हे, तर त्याच्या प्रतींमुळे. होस्टिंगची निवड करताना हे सूत्र सतत ध्यानात ठेवावे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पत्ता आणि घर

डोमेन नाव हा संकेतस्थळाचा पत्ता होय, तर होस्टिंग म्हणजे मजकूर ज्या सर्व्हरवर राहतो ती भाड्याची जागा. या दोन स्वतंत्र सेवा आहेत. पत्ता तुमच्या नावावर असेल, तर घर बदलता येते आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून डोमेनची नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवरून करावी. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या दुकानदाराच्या किंवा मित्राच्या नावाने करू नये. नूतनीकरणाची सूचना त्या ई-मेलवरच येते. ती चुकली आणि मुदत टळली, तर तेच नाव पुढे दुसरा कोणीही घेऊ शकतो.

‘.इन’ या विस्ताराची व्यवस्था भारतीय राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे ‘निक्सी’, ही संस्था पाहते. देवनागरीतील ‘.भारत’ हा विस्तार २०१४ पासून उपलब्ध आहे. नाव निवडताना त्याच्या टिकाऊपणाचाही विचार करावा. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले. परंतु जुने नाव असलेले डोमेन आपोआप बदलत नाही. अशा वेळी नवे नाव घ्यावे आणि जुने चालू ठेवून वाचकाला तेथून नव्या पत्त्यावर वळवावे.

६.२.२ किती जागा लागते ?

जाहिरातींत ‘अमर्याद जागा’ हे आकर्षण ठळकपणे मांडलेले असते. ते कितपत उपयोगाचे, हे आपण मोजून पाहू. यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात हलन्त व मात्रा धरून ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट झाले. सुमारे ९,००० ओव्या आणि ओवीमागे १०० चिन्हे धरली, तरी संपूर्ण ज्ञानेश्वरी ३ एमबीपेक्षा कमी जागेत मावते. मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा घेऊ शकते. ध्वनिमुद्रणांना अधिक जागा लागते हे खरे. पण केवळ मजकुरासाठी जागेचा आकडा हा निवडीचा निकष ठरू शकत नाही.

शेअर्ड होस्टिंग हे वाड्यातील बिऱ्हाडांसारखे असते : सर्व्हर एक आणि भाडेकरू अनेक. एका बिऱ्हाडाने नळ उघडा ठेवला की इतरांचे पाणी कमी होते. वैयक्तिक संकेतस्थळाला मात्र बहुधा एवढी सोय पुरते.

६.२.३ आश्वासनांचा अर्थ

‘९९ टक्के उपलब्धता’ ऐकायला चांगली वाटते. ३० दिवसांच्या महिन्यात १ टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे संकेतस्थळ बंद राहू शकते. ९९.९ टक्के असेल, तर सुमारे ४३ मिनिटे. आश्वासन पाळले गेले नाही तर भरपाई काय, हे करारात वाचावे. बहुधा ती भाड्यातील सवलतीपुरतीच असते. गेलेल्या मजकुराची भरपाई कोणी देत नाही.

दराचेही तसेच आहे. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून निर्णय घेऊ नये. नूतनीकरणाचा दर विचारावा, त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळवावा आणि तीन वर्षांच्या एकूण खर्चाची तुलना करावी. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून मोफत मिळते; त्यासाठी वेगळे पैसे मागितले जात असतील, तर कारण विचारावे. सर्व्हर मुंबई परिसरात असल्यास इथल्या वाचकाला पाने सहसा लवकर दिसतात. पैसे भरण्यापूर्वी मदत कक्षाला एक नेमका प्रश्न पाठवावा. उत्तर किती वेळात आणि किती नेमके येते, यावरून पुष्कळ कळते.

६.२.४ देवनागरीची कसोटी

येथे प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नोंदवणे उचित ठरेल. अकोले तालुक्यातील शेतीविषयक शब्दांचा एक संग्रह काही वर्षांपूर्वी एका स्वस्त सेवेवर ठेवला होता. पुरवठादाराने सर्व्हर बदलला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक नोंदीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू लागली. कागदी कार्डे जपून ठेवलेली असल्याने शब्द वाचले. ध्वनिमुद्रणे मात्र त्या स्थलांतरात गेली. त्यांची दुसरी प्रत लेखकाने केलेली नव्हती. बोलणाऱ्यांपैकी काही वृद्ध आता हयात नाहीत. दोष पुरवठादाराचा होता, पण निष्काळजीपणा लेखकाचा होता.

असे का घडते ? डेटाबेसची अक्षरव्यवस्था केवळ रोमन लिपीपुरती असेल, तर न ओळखलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले जाते आणि मूळ चिन्ह कायमचे नष्ट होते. मजकुराऐवजी विचित्र रोमन अक्षरे दिसली, तर बाइट बहुधा शाबूत असतात व मजकूर परत मिळू शकतो. म्हणून डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ व्यवस्थेचा आहे ना, हे आधीच विचारावे. नंतर ‘ऱ्हास’, ‘वाऱ्या’, ‘दुःख’, ‘कॅलेंडर’, ‘बाळ’ असे शब्द घालून एक चाचणी-पान करावे. त्याची प्रत उतरवून घ्यावी, पुन्हा चढवावी आणि प्रत्येक अक्षर तपासावे. जुन्या, यूनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर यूनिकोडमध्ये बदलूनच चढवावा.

६.२.५ बाहेर पडण्याची वाट

मोठी कंपनी म्हणजे कायमची सोय, हा समज खरा नाही. ‘जिओसिटीज’ ही वैयक्तिक पानांची अतिशय लोकप्रिय सेवा याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. मुदतीपूर्वी ज्यांच्या प्रती उतरवून घेतल्या गेल्या, ती पाने वाचली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच ठिकाणी होत्या, त्यांतील काहींचे दोन्ही गेले. एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे खऱ्या अर्थाने एकच प्रत होय.

दुसरे उदाहरण आशादायक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दोघेही आज हयात नाहीत. परंतु त्यांचा संग्रह आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. घर बदलूनही संग्रह टिकला, कारण तो घराबाहेर काढण्याजोग्या रूपात होता.

म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न विचारावा : ‘मला निघायचे असेल, तर माझ्या सर्व फायली आणि डेटाबेस मला स्वतः, जादा शुल्काशिवाय उतरवून घेता येतील का ?’ ज्याचे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे, त्याच्याशीच पुढचे बोलणे करावे.

६.३ सारांश

कधीच न बिघडणारी सेवा अस्तित्वात नसते. जिच्याकडून आपला मजकूर कोणत्याही दिवशी, संपूर्ण आणि वाचता येईल अशा रूपात परत घेता येतो, तीच सेवा विश्वासार्ह. डोमेन स्वतःच्या नावावर असावे, नूतनीकरणाचा दर ठाऊक असावा, देवनागरीची चाचणी झालेली असावी आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. डोमेन नाव आणि होस्टिंग यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ९९.५ टक्के उपलब्धता असल्यास ३० दिवसांच्या महिन्यात संकेतस्थळ किती वेळ बंद राहू शकते ?
३. मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसणे आणि विचित्र रोमन अक्षरे दिसणे, यांत जतनाच्या दृष्टीने काय फरक आहे ?
४. ‘प्रती होत्या म्हणूनच पाठशुद्धी शक्य झाली.’ या विधानाचा संकेतस्थळाच्या संदर्भात विचार करा.

६.५ उपक्रम

घरातील किंवा गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून, तिच्या संमतीने, दहा ओव्या अथवा वीस बोलीशब्द टिपून घ्या. संकेतस्थळाचा विचार करण्यापूर्वी त्यांच्या तीन प्रती करा : एक संगणकावर, एक घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी आणि एक कागदावर. कागदावर सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव व दिनांक अवश्य लिहा. होस्टिंगची निवड त्यानंतर करा.