शिकलेला गडी निघून जातो, मग शिकवावे कशाला?
कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाचा धडा

आमच्या कारखानदार आणि दुकानदार बंधूंची एक तक्रार जुनीच आहे. पोरगा हाताशी घ्यावा, तीन-चार वर्षे काम शिकवावे, त्याच्या हातून बिघडलेला माल सोसावा, आणि हात बसला की त्याने दोन पैसे जास्त देणाऱ्या मोठ्या पेढीची वाट धरावी. "घडवायचे आम्ही, वापरायचे दुसऱ्याने" असे म्हणून काहींनी शिकाऊ ठेवणेच बंद केले आहे. तयार कारागीर आणावा, मागेल ती मजुरी द्यावी, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब तपासण्यासाठी आज आम्ही जरा दूरचे उदाहरण घेत आहोत. अमेरिकेतील मिसुरी राज्यात कॅन्सस सिटी नावाचे शहर आहे. तेथील 'रॉयल्स' हा बेसबॉलचा संघ तरुण खेळाडूंवर उभा राहिला, जगज्जेता झाला, पुन्हा कोसळला आणि पुन्हा उठला. बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. पण त्याचा बाजार समजण्यासाठी खेळ यावाच लागतो असे नाही.

बाजार कसा चालतो?

तेथील वरच्या दर्जाच्या स्पर्धेत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ म्हणजे एक खाजगी पेढीच आहे. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या बड्या शहरांतील संघांना प्रेक्षक जास्त, दूरचित्रवाणीचे उत्पन्न जास्त, म्हणून त्यांचा गल्लाही मोठा. कॅन्सस सिटी त्यामानाने लहान. नावाजलेल्या खेळाडूसाठी बोली लागली की लहान गावचा संघ मागे पडणार हे ठरलेले.

लहान संघाच्या हातात दोन गोष्टी उरतात. पहिली, १९६५ पासून दरवर्षी होणारी नव्या मुलांची निवड. हरलेल्या संघांना तीत साधारणपणे आधी निवड करायला मिळते. दुसरी, कराराचा नियम. निवडलेला मुलगा आधी काही वर्षे खालच्या दर्जाच्या संघांत शिकतो. वर आल्यावर तो सहा वर्षे त्याच संघाशी बांधलेला असतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात, नंतर लवादाच्या मार्गाने ते वाढतात. सहा वर्षे भरली की तो मोकळा, वाटेल त्या संघाकडे जाऊ शकतो.

म्हणजे शिकलेला गडी जाणार, हे तेथे नियमातच लिहिलेले आहे. जाण्याची वेळ मालकाला आधीपासून ठाऊक असते. तरीही लहान संघ मुलांना शिकवतातच, आणि त्यातूनच कधी कधी बड्यांना हरवतात. हे कसे जमते?

कॉफमनची शाळा

या संघाचा पहिला मालक यूइंग कॉफमन हा मूळचा औषधविक्रेता. १९५० साली त्याने स्वतःच्या घराच्या तळघरात औषधांचा धंदा सुरू केला आणि तो मोठ्या कंपनीपर्यंत नेला. १९६९ मध्ये रॉयल्स संघ उतरला. चांगले खेळाडू जुन्या संघांकडे होते. तेव्हा कॉफमनने १९७० मध्ये फ्लोरिडातील सारासोटा येथे बेसबॉलची शाळाच काढली. दुसऱ्या कोणत्याही संघाने न निवडलेली, पण धावण्यात चपळ आणि नजरेने तीक्ष्ण अशी मुले घ्यायची आणि त्यांना खेळ मुळापासून शिकवायचा, ही कल्पना. देशभरातून सात हजारांहून अधिक मुलांची चाचणी झाली, निवडली गेली सुमारे चाळीस. मैदानावरील शिक्षणाबरोबर त्यांना कॉलेजचे वर्गही होते.

यातच फ्रँक व्हाइट नावाचा कॅन्सस सिटीचाच तरुण होता. त्याच्या शाळेत बेसबॉलचा संघच नव्हता. संघाचे नवे मैदान बांधले जात असताना त्या बांधकामावर त्याने मजुरी केली. पुढे त्याच मैदानावर तो वर्षानुवर्षे खेळला, क्षेत्ररक्षणासाठीचा 'गोल्ड ग्लोव्ह' हा मान त्याने आठ वेळा मिळवला आणि १९८५ च्या जगज्जेत्या संघातही तो होता.

शाळा मात्र १९७४ मध्येच बंद झाली. खर्च फार होतो, असे कारण झाले. या ठिकाणी आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. शाळेचा खर्च दर महिन्याला वहीत दिसत होता. एकट्या फ्रँक व्हाइटपासून झालेला लाभ पुढची पंधरा वर्षे थोडा थोडा मिळत गेला. शिकवण्याचा खर्च आज दिसतो आणि फायदा उशिरा येतो, म्हणून वही वाचणारा नेहमी खर्चावर बोट ठेवतो.

पडतीचा काळ आणि नवे धोरण

१९८५ नंतर संघाला उतरती कळा लागली. कॉफमन १९९३ मध्ये वारला. २००० साली वॉलमार्ट या अवाढव्य दुकानसाखळीचे माजी प्रमुख डेव्हिड ग्लास यांनी ९ कोटी ६० लाख डॉलरना संघ विकत घेतला. तरी २००२, २००४, २००५ आणि २००६ या चार हंगामांत संघाने शंभर किंवा त्याहून अधिक सामने गमावले. २००६ मध्ये डेटन मूर या व्यवस्थापकाकडे कारभार आला. त्याने बाजारातून नावे विकत घेण्यापेक्षा मुले शोधणे आणि घडवणे यावर भर दिला.

माइक मुस्टाकस आणि एरिक हॉस्मर हे दोघे २००७ आणि २००८ च्या निवडीत मिळाले. व्हेनेझुएलातून साल्वाडोर पेरेझ हा सोळा वर्षांचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या जागेवरचा मुलगा, २००६ मध्ये ६५ हजार डॉलर देऊन घेतला गेला. या धंद्यात ही रक्कम अगदीच किरकोळ होती.

फळ लगेच आले काय? मुळीच नाही. २००६ ते २०१२ असे सलग सात हंगाम संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. पण या काळात मूरने केलेल्या काही गोष्टी आमच्या कारागीर बंधूंनी नीट पाहण्यासारख्या आहेत.

जागा बदलून पाहिली

ॲलेक्स गॉर्डन हा २००५ मधील देशातला दुसऱ्या क्रमांकाचा निवडलेला खेळाडू. त्याला ठरलेल्या जागी काही जमेना. लोक म्हणाले, निवड फसली. संघाने २०१० मध्ये त्याला खालच्या संघात पाठवून मैदानाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात खेळायला शिकवले. २०११ मध्ये त्याच नव्या जागी त्याला गोल्ड ग्लोव्ह मिळाला. २००६ मध्ये देशात पहिल्या क्रमांकाने निवडलेला ल्यूक होचेव्हर हा पिचर सुरुवातीपासून चेंडू टाकण्याच्या कामात साधारणच ठरला. शेवटची काही षटके सांभाळण्याचे काम दिल्यावर तोच उपयोगी पडला.

ज्या पोराचा हात शिलाईत चालत नाही, त्याची नजर कदाचित कटिंगमध्ये चांगली असेल. "याला काही येत नाही" असे म्हणण्यापूर्वी त्याला दुसऱ्या पाटावर बसवून पाहिले काय, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारावा.

झॅक ग्रेन्की या तरुण पिचरची गोष्ट वेगळी. २००६ मध्ये मनावरच्या ताणामुळे तो खेळ सोडून घरी गेला. संघाने त्याला काढून टाकले नाही, रजा दिली आणि हळूहळू परत येऊ दिले. २००९ मध्ये आपल्या लीगमधील सर्वोत्तम पिचरचा मान त्याला मिळाला.

नुसत्या पोरांवर दुकान चालत नाही

२०१० च्या अखेरीस याच ग्रेन्कीला दुसऱ्या संघाकडे देऊन मूरने लोरेन्झो केन, आल्सिडेस एस्कोबार आणि आणखी दोन तरुण मिळवले. पण २०१२ अखेर त्याने उलटा व्यवहार केला. विल मायर्स हा सर्वांना हवाहवासा वाटणारा तरुण आणि त्याच्याबरोबर आणखी काही मुले देऊन जेम्स शील्ड्स हा मुरलेला पिचर आणि वेड डेव्हिस यांना आणले. पुष्कळ टीका झाली. मायर्स २०१३ मध्ये आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवोदित ठरला, तेव्हा टीकाकारांना आणखी जोर आला.

आमच्या मते मूरचा हिशेब असा होता: मुले आता तयार झाली आहेत, त्यांच्याजवळ उभा राहणारा एक उस्ताद हवा. २०१३ मध्ये संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले. २०१४ मध्ये तो अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात अवघ्या एका धावेने हरला. २०१५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सला हरवून रॉयल्स तीस वर्षांनी जगज्जेते झाले. शेवटच्या सामन्यात विजयी पिचर म्हणून नोंद झाली ती होचेव्हरची, शेवटचा बळी घेतला डेव्हिसने, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ६५ हजार डॉलरचा पेरेझ.

स्वस्त कागद आणि रास्त मोल

पेरेझशी २०१२ मध्ये पाच वर्षांचा ७० लाख डॉलरचा करार झाला होता, आणि पुढची तीन वर्षे वाढवण्याचा हक्क संघाकडे होता. मुलगा बहरल्यावर ही रक्कम त्याच्या कामाच्या मानाने फारच कमी दिसू लागली. कागद संघाच्या बाजूने होता. तरीही २०१६ मध्ये संघाने ५ कोटी २५ लाख डॉलरचा नवा करार केला. बरोबरीचे इतर गेले, पेरेझ राहिला. २०२१ मध्ये त्याने ४८ होमरन मारले, आणि २०२४ मध्ये तोच संघाचा कप्तान होता.

या धंद्याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. खालच्या संघांतील शिकाऊ मुलांना बेसबॉलच्या मालकांनी वर्षानुवर्षे पोट भरणार नाही इतके कमी वेतन दिले. २०१४ मध्ये काही खेळाडू न्यायालयात गेले, आणि २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन मालकांना तडजोड करावी लागली. वाचवलेली मजुरी शेवटी अशी एकरकमी द्यावी लागली. याउलट २०२० मध्ये साथीमुळे खेळ बंद असताना अनेक संघांनी शिकाऊ खेळाडू काढून टाकले, तेव्हा रॉयल्सने आपल्या कोणालाही काढणार नाही आणि सर्वांना पगार देऊ असे जाहीर केले. शिकवतो म्हणून मजुरी न देण्याचा हक्क मालकाला मिळत नाही, ही गोष्ट आपल्याकडेही लक्षात ठेवावी.

मग पुन्हा पडझड का झाली?

२०१७ चा हंगाम संपताच केन, हॉस्मर आणि मुस्टाकस मोकळे झाले. केन आणि हॉस्मर लगेच दुसरीकडे गेले, मुस्टाकसही २०१८ च्या मध्यात गेला. त्या वर्षी संघ १०४ सामने हरला. "पाहा, शिकवून काय मिळाले?" असे येथे कोणी म्हणेल.

पण जरा खोल पाहू. ते जाणार हे ठाऊकच होते. चूक तेथे नव्हती. चूक ही झाली की ते गेले तेव्हा त्यांच्या मागे दुसरी फळी उभी नव्हती. २०१५ च्या मध्यात जॉनी क्वेटो आणि बेन झोब्रिस्ट हे दोन अनुभवी खेळाडू अवघ्या काही महिन्यांसाठी आणले, त्यांच्या बदल्यात पाच तरुण दिले गेले. त्या वर्षाचे विजेतेपद मिळाले, पण कोठार रिकामे झाले. जिंकत असल्यामुळे निवडीत पाळीही उशिरा येऊ लागली. पुन्हा नवी पिढी उभी करायला वर्षे लागली. २०२३ मध्ये १०६ पराभव, आणि २०२४ मध्ये ८६ विजय. या उभारीचा कणा होता बॉबी विट ज्युनियर, २०१९ च्या निवडीत मिळालेला मुलगा. या वेळी मात्र संघाने तो मोकळा होण्याची वाट पाहिली नाही; २०२४ च्या फेब्रुवारीतच ११ वर्षांचा २८ कोटी ८७ लाख डॉलरचा करार करून त्याला बांधून घेतले.

आमच्या गाळ्यासाठी काय घ्यावे?

१) शिकाऊ घेताना मुदत, मजुरी आणि वाढ कधी होणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. जाण्याची वेळ ठाऊक असली की मनस्ताप होत नाही.

२) बिघडलेल्या मालाचा खर्च वेगळा मांडावा आणि तो तीन-चार वर्षांच्या कामावर वाटावा. एका महिन्याच्या वहीवरून शिकवणे महाग की स्वस्त ते ठरवू नये.

३) प्रत्येकाला निदान दोन-तीन प्रकारच्या कामावर बसवून पाहावे.

४) पोरांमध्ये एक तरी मुरलेला उस्ताद असावा, आणि त्याची मजुरी कापू नये.

५) हात बसलेल्या गड्याने मागण्याची वाट न पाहता त्याची मजुरी वाढवावी. सगळे राहणार नाहीत. पण जो एक राहील तो पेढी सांभाळील.

६) पहिला तयार होण्याआधी दुसरा कामाला लागलेला असावा, आणि दुसऱ्याच्या मागे तिसरा.

शिकलेला गडी जातो ही गोष्ट खरीच आहे. पण तयार कारागिराच्या बोलीत मोठी पेढी नेहमीच पुढे राहणार. लहान गाळ्याने शिकवणे सोडले, तर त्याच्या हाती उरलेला एकच हुकमी डाव तो आपणहून टाकून देतो.