हरायचं ठरवून हरू नकोस

विजयदुर्ग

चि. बाबल्यास,


फोनवर तू बोलत सुटतोस आणि मी नुसता ‘हां, हां’ करतो, म्हणून हे पत्र. मंडळाचा कबड्डीचा संघ तुझ्या हाती दिला, बरं वाटलं. पण जुने गडी घरी बसवायचे, दोन हंगाम ठरवून हरायचं, खालच्या गटात उतरायचं आणि मग नवा संघ उभा करायचा, हा तुझा बेत मला अर्धाच पटला.

तुझं ते फिलाडेल्फियाचं बास्केटबॉल घे. २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी १० सामने जिंकले त्यांनी. तिथे तळाच्या संघाला नवे खेळाडू निवडताना वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त, म्हणून हरण्यालाही भाव. एम्बीड हा खेळाडू त्यातूनच मिळाला, २०२३ मध्ये एनबीए लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. पण अशा हरण्यातून करंडक काही आला नाही. उलट २०१९ पासून लीगनं तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरासाठी सारखीच १४ टक्के संधी ठेवली, म्हणजे पहिल्या नंबरासाठी अगदी शेवटचं येण्यात जादा फायदा उरला नाही. आणि तुला इथे हरल्याबद्दल कोण काय देणार आहे? उलट तुझा चांगला चढाईपटू दुसरं मंडळ पळवील.

त्यापेक्षा प्रो कबड्डीतली पुणेरी पलटण बघ. २०१४ च्या पहिल्या हंगामात शेवटचा नंबर. पुढे आठव्या हंगामात प्रशिक्षक अनुपकुमारनं अस्लम इनामदार, मोहित गोयत अशा नवख्या पोरांवर भार टाकला, आणि तरीही बाद फेरी गाठली. नवव्यात अंतिम सामना हरले. दहाव्यात, १ मार्च २०२४ ला, हरियाणाला २८-२५ नं हरवून जिंकले, कर्णधार अस्लमच. तेव्हा पोरांना उतरव, ती हरली तर हरू दे. पण त्यांना ‘हरलात तरी चालेल’ असं सांगू नकोस. डाव्या कोपऱ्यातल्या पोरानं घोटा धरलाय, चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतोय, तेव्हा पकड सुटते की टिकते ते त्या क्षणात ठरतं. हंगामभर सोडायची सवय लागली की पुढे जिंकायचं ठरवलंस तरी हात आपोआप सैल पडतो. ती सवय मोडायला वर्षं जातात.

आपलंच मोडून मग पुन्हा उभं करायचं म्हटलं की काय होतं ते इथल्या बंदराला विचार; त्याचा इतिहास तू शाळेत वाचलास, मी रोज बघतो. मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांना नमवायला पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि १७५६ साली आपलंच आरमार इथे जळालं. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी जोर धरला, १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडून इथे आणलंसुद्धा. पण तोवर मुंबईचे इंग्रज समुद्रावर बळावले होते. आपण पुन्हा उभे राहीपर्यंत दुसरा काही वाट बघत बसत नाही.

राहिले जुने गडी. दोघांना तरी ठेव, गुण मिळवायला नाही, तर चार नव्या पोरांच्या मधोमध उभं करायला. लोण चढायची वेळ आली की पोरं घाबरून एकमेकांकडे बघतात, तेव्हा कोणीतरी आवाज द्यायला हवा. बाकीच्या जुन्यांना बाहेर बसवणार असशील तर स्वतः घरी जाऊन सांग, मोबाईलवर नको. आणि तुझ्या त्या अध्यक्षांना लेखी दे की पहिल्या वर्षी चषकाची अपेक्षा ठेवू नका, नाहीतर तिसऱ्या सामन्यालाच तुझं पद जाईल.

आईला सांग, कोकम पाठवतोय. चतुर्थीला येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ.

तुझा,
मामा